मिशी कुणाच्या वळणावर गेली?

बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या बायका बाळाकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेपुढे गुन्हे अन्वेषण शाखेनेही हात जोडावेत. नाक आत्याचं, हनुवटी आजोबांची, रंग आईकडचा आणि रडण्याची तऱ्हा मात्र थेट थोरल्या काकांची, असा निकाल पाच मिनिटांत लागतो आणि त्यावर अपील नसतं. व्हिडिओ गेमच्या जगात हेच काम करणारी एक जमात आहे. मारामारीच्या गेममध्ये खेळाडू निवडायचा पडदा येतो, चौकटीचौकटींतून पूर्वी आठ-दहा आणि हल्ली तीस-चाळीस चेहरे आपल्याकडे रोखून बघतात, आणि ही मंडळी बटण दाबायचं सोडून पाळण्याभोवती जमतात. हा आंद्रे द जायंट. ही मिशी अमेरिकन रेसलर हल्क होगनची. हा मुखवटा टायगर मास्कचा, पण अनाथाश्रम दुसऱ्याच कुणाचा तरी. अशी कुळी काढून झाली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "चोरलंय." माझं म्हणणं असं की पहिल्या वाक्यात ही मंडळी बहुतेक वेळा बरोबर असतात आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा चूक. रेसलरला गेममध्ये कुणी पळवून नेलेलं नाही. तो मुळातच गेममधलं पात्र होता. गेम निघायला जरा उशीर झाला, म्हणून तोवर बिचारा हाडामांसात दिवस काढत होता.

सर्वांत उघड्या प्रकरणापासून सुरुवात करू. 1989 साली कॅपकॉम या जपानी कंपनीने 'फायनल फाइट' हा आर्केड गेम काढला. त्यातल्या गुंडांच्या फौजेत एक राक्षसी देहाचा माणूस आहे, नाव अँडोरे. आता त्या काळात फ्रान्समध्ये जन्मलेला आणि सात फूट चार इंच अशी जाहिरात होणारा आंद्रे द जायंट हा रेसलर अमेरिका आणि जपान, दोन्हीकडे पोराटोरांना ठाऊक होता. जपानी लिपीत 'आंद्रे' लिहायचं तर जोडाक्षर फोडावं लागतं आणि त्याचं 'आन्दोरे' होतं. हे 'आन्दोरे' उचलून जसंच्या तसं रोमन लिपीत उतरवलं की झालं वेषांतर. खोटी दाढी नाही, काळा चष्मा नाही, निव्वळ शुद्धलेखनाच्या जोरावर माणूस लपवला. आपल्याकडे रेशनकार्डावर नावातली एक वेलांटी चुकली तर माणूस तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतो; इथे तसल्याच चुकीतून एक आख्खा नवा माणूस जन्माला आला. एकच नव्हे. त्या गेममध्ये अँडोरे ज्युनियर आहे, काका अँडोरे आहेत, वडील अँडोरे आहेत आणि आजोबा अँडोरेही आहेत. देह सगळ्यांचा तोच, कपड्यांचा रंग तेवढा वेगळा. वयोमानाने आजोबांच्या प्रकृतीत काही फरक पडलेला दिसत नाही. महाराष्ट्रात एकत्र कुटुंब मोडकळीला आल्याची हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी हे घराणं जरूर पाहावं : गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला मारायला तीन पिढ्या मिळून उभ्या आहेत. पुढे 1997 साली याच घराण्यातला ह्यूगो 'स्ट्रीट फायटर थ्री'च्या दुसऱ्या आवृत्तीत रीतसर खेळाडू म्हणून आला, आणि येताना पॉयझन नावाची मॅनेजर घेऊन आला. उत्तरार्धात आंद्रेच्याही पाठीशी बॉबी हीनन हा मॅनेजर उभा असे. म्हणजे नुसतं नाक जुळलेलं नाही, सोयरीकही जुळली आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो समंजस लोकांचा, आणि तो हसून उडवण्यासारखा नाही. ते म्हणतात, आडदांड देह, तोकडी चड्डी, रागीट मुद्रा, एवढं काढलं की ते चित्र कुणा ना कुणा रेसलरसारखं दिसणारच. ढगात हत्ती दिसतो म्हणून हत्तीने ढगावर खटला भरायचा का? हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच चेहरा हा या शास्त्रातला सर्वांत कच्चा पुरावा मानला पाहिजे. जुन्या गेममधला चेहरा म्हणजे मूठभर ठिपके. त्या ठिपक्यांत होगन मावतो आणि एखादे माजी सरपंचही मावतात. मिशीचं तर बोलायलाच नको. ओठांच्या कडांवरून खाली हनुवटीकडे उतरणारी होगनची मिशी दिसली की ओळखणाऱ्यांचा तोल जातो. केवळ मिशीवर वारसा ठरवायचा तर निम्म्या कोल्हापूर जिल्ह्याला मानधन द्यावं लागेल. (कोल्हापूरकर अर्थात हे मान्य करणार नाहीत. त्यांच्या मिशीचा पीळ वर जातो, होगनची खाली येते, आणि हा फरक त्यांच्या लेखी लहान नाही.)

मग पक्का पुरावा कोणता? माझ्या मते तीन गोष्टी बघाव्यात : डाव, नाव आणि वागणं. पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी अठरा गुण तरी लागतात, तसं इथेही तिन्हींपैकी दोन जुळल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत. या कसोटीवर काही लाडकी प्रकरणं गळतात आणि काही अनपेक्षित टिकतात. 'डेड ऑर अलाइव्ह' या मालिकेतला बास आर्मस्ट्राँग हा होगनसारख्या मिशीचा अमेरिकन रेसलर. मिशी आपण बाद केली. पण त्याचं दुखणं बघा. त्याची मुलगी टीना कुस्तीचा धंदा सोडून मनोरंजनाच्या झगमगाटाकडे धावते आणि बाप तिच्या मागे लागतो. होगनची मुलगी पुढे खरोखरच गायिका झाली, आणि बापासकट सगळं कुटुंब 2005 साली टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये उतरलं. घोळ इतकाच की टीना पडद्यावर आली 1996 साली, तेव्हा होगनची मुलगी आठ वर्षांची होती. वागणं जुळतं, पण नक्कल अस्सलाच्या आधी पोचलेली आहे. या विचित्र वेळापत्रकाकडे पुन्हा यावं लागेल.

1991च्या 'फेटल फ्युरी'मधला रायडेन हा मुखवट्यातला धिप्पाड खलनायक घ्या. त्याचं अंग आणि थाट बिग व्हॅन व्हेडर या अमेरिकन रेसलरचा, जो जपानमध्ये प्रवेश करताना धूर सोडणारं अवजड शिरस्त्राण घालत असे. पण रायडेन विषारी फवारा सोडतो तो तोंडातून, आणि तोंडातून रंगीत फवारा मारायची विद्या ग्रेट काबुकी आणि त्याच्यामागून आलेल्या ग्रेट मुटाची. म्हणजे बाळ दोन्ही घराण्यांवर गेलं आहे. याउलट 'स्ट्रीट फायटर टू'मधला झांगीफ. त्याचं नाव 1989 साली जपानच्या रिंगणात उतरलेल्या व्हिक्टर झांगिएव्ह या सोव्हिएत मल्लावरून आलं, हे जाणकार सांगतात. पण झांगीफच्या डोक्यावरचा तुरा, छातीवरचं जंगल आणि अस्वलांशी झुंजून मिळवलेले ओरखडे यांतलं काही झांगिएव्हचं नाही. नाव जुळतं, बाकी नन्नाचा पाढा. तरीही या जोडीत एक गंमत आहे आणि ती माझ्या मुद्द्याला फार उपयोगी पडते. त्या काळात अमेरिकन रिंगणात रशियन खलनायकांची रेलचेल होती. निकोलाय व्होल्कॉफ मूळचा युगोस्लाव्हियातला, आयव्हन कोलॉफ कॅनडाचा आणि निकिता कोलॉफ तर अमेरिकेतल्या मिनेसोटाचा. हाडामांसाचे तीन रशियन, पण तिघांत मिळून रशियन एकही नाही. त्यांच्या तुलनेत निदान आडनावापुरता तरी अस्सल सोव्हिएत निघाला तो जपानी कारखान्यातला, ठिपक्यांचा. आणि त्याचं नशीब असं की गेम आला 1991च्या सुरुवातीला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा देशच उरला नाही.

इथे मूळ प्रश्न येतो : गेमवाल्यांना रेसलरच का लागतो? धावपटू का नाही, भालाफेकवाला का नाही, आणि आपला मातीतला पैलवान का नाही? आर्केडचा धंदा नाण्यावर चालायचा. नाणं पडल्यावर पोराने काही सेकंदांत कुणाला निवडायचं ते ठरवायचं, आणि मागे उभ्या असलेल्या पाच जणांना लांबूनच कळलं पाहिजे की आत कोण कुणाला धोपटतोय. आपल्याकडच्या पार्लरमध्ये तर 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या गेमचं नाव कुणी वाचण्याच्या भानगडीत पडलं नाही. त्यातल्या एका पात्रावरून आख्खा गेमच 'मुस्तफा' झाला. असं पात्र हवं की ज्याची नुसती सावली ओळखू यावी, ज्याचा एक रंग असावा, एक हमखास डाव असावा आणि स्वभाव एका ओळीत सांगता यावा. नेमक्या याच अटींवर रेसलर कित्येक दशकं आधी तयार झाला होता. स्टेडियमच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या, नाक-डोळे न दिसणाऱ्या प्रेक्षकासाठी त्याचा मुखवटा, त्याचा झगा, त्याचा फिनिशर. शेवटची रांग आणि ठिपक्यांचा पडदा यांची अडचण एकच : दोन्हीकडे चेहरा दिसत नाही. 1990च्या दशकात आपल्याकडे पोरांच्या हातात डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन रेसलिंग कंपनीचे ट्रम्प कार्ड आले, त्यात रेसलरची उंची, वजन, छाती आणि रँक असे आकडे असत. पोरांनी ते रेसलिंग न बघताही मनसोक्त खेळले. माणूस असा चार आकड्यांत मावत असेल तर त्याला गेममध्ये बसवायला वेगळं काही करावं लागतच नाही.

उलट पैलवान पाहा. खासबाग मैदानात लाल मातीत उतरलेले दोन मल्ल लांबून बघितले तर दोघांचा लंगोट सारखा, दोघांच्या अंगाला माती सारखी, आणि पाचव्या मिनिटाला कुणाचा पाय कुठला हेही कळत नाही. पैलवानाची ओळख त्याच्या पोशाखावर नसते, ती तालमीवर आणि वस्तादावर असते; आणि जाणकार त्याला ओळखतो तो ढाक कशी मारतो यावरून. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्यांच्यावर बेतलेला खलनायक कुठल्याही जपानी गेममध्ये सापडणार नाही. कारण ते खरे होते, आणि खऱ्या माणसाला एका ओळीचा स्वभाव नसतो. 'स्ट्रीट फायटर ईएक्स'मध्ये दारुन मिस्टर नावाचा भारतीय मल्ल आहे खरा, पण तो भारतीय आहे तो रेसलिंगच्या नियमाने : आखाड्यातून आलेला नाही, रंगभूषेच्या खोलीतून आलेला आहे.

आता दुसरा, जास्त कडक आक्षेप. ठीक आहे, रेसलर सोयीचा आहे. पण सोयीची वस्तू न विचारता उचलली तर तिला चोरीच म्हणतात. आणि गेमवाल्यांच्या मनात पाप नव्हतं तर ते घाबरले का? 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये एक मुष्टियोद्धा आहे. तो रेसलिंगमधला नाही, पण प्रकरण इतकं नमुनेदार आहे की वगळता येत नाही. जपानी आवृत्तीत त्याचं नाव एम. बायसन. माइक टायसनशी हे यमक जुळवल्यावर गेम अमेरिकेत न्यायच्या वेळी कंपनीला वकिलांची आठवण झाली आणि नावं फिरवण्यात आली : मुष्टियोद्धा झाला बालरॉग, बालरॉगचा झाला व्हेगा आणि व्हेगा नावाचा हुकूमशहा झाला एम. बायसन. संगीतखुर्चीत एकही खुर्ची न काढता तिघे नुसतेच फिरले. त्यामुळे आजही जपानी आणि अमेरिकन खेळाडू या तिघांबद्दल बोलू लागले की आधी कोण कोण ते ठरवावं लागतं. ही भीती खरी होती, हे मी नाकारत नाही. पण भीती वाटणं वेगळं आणि चोरी करणं वेगळं. नाहीतर तिकीट काढूनही टीसी दिसल्यावर खिसे चाचपणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार ठरेल.

नाव न घेता माणूस उभा करायची कला सर्वांत शांतपणे कुणी साधली असेल तर ती 'फायर प्रो रेसलिंग' या मालिकेने. 1989पासून या गेममध्ये जपानचे आणि जगभरचे नामांकित रेसलर सर्रास दिसत : तीच शरीरयष्टी, तेच कपडे, तेच डाव, फक्त नाव भलतंच. आणि पुढे खेळणाऱ्याला नाव बदलायची मुभा. कंपनीने सगळं केलं, फक्त तोंडाने काही म्हटलं नाही. आपल्याकडच्या जुन्या बायकांना ही पद्धत नवी वाटणार नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. "हे", "अहो", "आमच्याकडचे" एवढ्यावर पन्नास वर्षं संसार व्हायचा, आणि गावात कुणाचाही कधी घोटाळा झाला नाही. 'फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड'ला न्यू जपान या रेसलिंग कंपनीचा रीतसर परवाना मिळाला, तेव्हा एकदाचा उखाणा झाला म्हणायचा.

पण चोरीच्या आरोपाला माझं खरं उत्तर वेगळं आहे. चोरी व्हायला आधी कुणाच्या तरी मालकीचं अस्सल काहीतरी लागतं, आणि रेसलिंगमध्ये ते शोधायला गेलं की पायाखालची जमीन सरकते. 'फायर प्रो'चा जनक मासातो मासुदा याने त्याआधी 1986 साली निन्टेन्डोसाठी 'प्रो रेसलिंग' हा गेम केला होता. त्यात किन कॉर्न कार्न नावाचा खेळाडू आहे, कोरियाचा, आणि दोन्ही हातांनी मारायचा मंगोलियन चॉप हा त्याचा डाव. हा किलर खान, हे डोळे मिटूनही सांगता येईल. पण किलर खान कोण? मंगोलियन म्हणून वावरणारा जपानी माणूस. म्हणजे जपान्याने मंगोलियन व्हायचं, आणि दुसऱ्या जपान्याने त्या मंगोलियनाचा कोरियन करायचा. या साखळीत ज्याचं काही चोरीला गेलं असा माणूस असेल तर तो एखादा खरा मंगोलियन, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.

'टेकन' या गेममधल्या किंगचं घराणं तर वंशावळ लिहिणाऱ्या भाटाला वेड लावील. जग्वारचा मुखवटा, मेक्सिको, आणि कुस्तीच्या कमाईवर चालवलेला अनाथाश्रम. मुखवटा टायगर मास्कच्या वळणाचा. पण टायगर मास्क आधी 1968च्या जपानी चित्रकथेतलं पात्र होता, अनाथाश्रमासाठी झुंजणारा. 1981 साली सातोरू सायामा त्याचा मुखवटा चढवून खऱ्या रिंगणात उतरला. किंगचा दुसरा पूर्वज फ्राय टॉर्मेंटा, म्हणजे सेर्हिओ गुतिएरेझ बेनितेझ हे मेक्सिकोतले खरेखुरे धर्मगुरू, ज्यांनी अनाथ मुलांसाठी मुखवटा घालून कुस्त्या केल्या. हा तरी अस्सल, असं म्हणून सुस्कारा टाकावा, तर कळतं की त्यांना ही कल्पना सुचली ती 1960च्या दशकातल्या एका मेक्सिकन चित्रपटावरून, ज्यात एक धर्मगुरू अनाथांसाठी कुस्ती खेळतो. चित्रपटावरून धर्मगुरू, धर्मगुरूवरून गेम, आणि त्याच धर्मगुरूवरून 2006 साली पुन्हा चित्रपट, 'नाचो लिब्रे'. कोण कुणाचं नाक घेऊन आला, हे सांगायला आता कुठलीही आत्या पुढे येणार नाही.

तरीही कुणी म्हणेल की उसनवारी गेममध्ये होते ती रिंगणातूनच, उलटी नाही. उलटीही झाली आहे, आणि हौसेने. 1996 साली डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कंपनीने ग्लेशियर नावाचा रेसलर आणला : निळा पोशाख, निळा प्रकाश, वरून कृत्रिम बर्फ. 'मॉर्टल कॉम्बॅट' खेळलेल्या कुठल्याही पोराने तो त्या गेममधला सब-झीरो आहे हे सांगितलं असतं आणि सांगितलंही. जपानमध्ये तर 'व्हर्च्युआ फायटर' गेममधला वुल्फ हॉकफिल्ड हा रेसलर जिम स्टील नावाच्या खऱ्या अमेरिकन रेसलरने 1990च्या दशकात ऑल जपान या रेसलिंग कंपनीच्या रिंगणात वठवला. त्या माणसाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. जे पात्र कुणातरी रेसलरसारखं दिसावं म्हणून त्रिकोण जोडून काढलं, त्या त्रिकोणांसारखं दिसण्यासाठी एक रेसलर आरशासमोर उभा आहे.

वेळापत्रकाचं राहिलं होतं. 'फायनल फाइट'चा नायक माइक हॅगर हा निवृत्त रेसलर, मेट्रो सिटीचा महापौर, उघड्या अंगावर पट्टे चढवून गुंडांना पाइलड्रायव्हर मारणारा. 1989 साली हे बघून लोक हसले असतील, जरी त्याच वर्षी जुलैत जपानमध्ये अँटोनियो इनोकी संसदेच्या वरच्या सभागृहात निवडून आला होता. पुढच्याच वर्षी माजी रेसलर जेसी व्हेंच्युरा मिनेसोटातल्या ब्रुकलिन पार्कचा महापौर म्हणून निवडून आला आणि 1999 साली त्या राज्याचा गव्हर्नर झाला. 2018 साली टेनेसीतल्या नॉक्स काउंटीच्या मतदारांनी ग्लेन जेकब्सला महापौर केलं. रिंगणात मुखवटा घालून अंडरटेकरचा भाऊ म्हणून वावरलेला केन तो हाच. यांतल्या कुणी हॅगरकडे बघून अर्ज भरला असं मी म्हणत नाही. बासचीही गोष्ट तशीच. 'डेड ऑर अलाइव्ह'वर 2006 साली चित्रपट निघाला, तेव्हा होगन हयात होता, मिशीही शाबूत होती. भूमिका मिळाली केव्हिन नॅशला, होगनच्याच टोळीतल्या जुन्या साथीदाराला. पाळण्याभोवतीची मंडळी अजून उठलेली नाहीत. कुणीतरी म्हणतंय की पोर शेजाऱ्यांवर गेलंय.